पोटातल्या जिवाचा वाटा

दिग्गी गावाच्या अलीकडं जंगलात सात घरांची एक वाडी होती. डुक्कर मिळो की भेकर, तिथं मांसाचे वाटे गुणाअज्जाच घालायचा. घरटी एक वाटा, पण ज्या घरात पोटुशी बाई असेल त्या घराला दोन. एक तिचा आणि एक पोटातल्या जिवाचा. ती जेवून हात धुवेपर्यंत बाकीच्यांनी आपलं मांस चुलीवर चढवायचं नाही, अशी रीत. जिथं मांसाचं तोंड महिना-महिना दिसत नाही तिथं माणसं एवढा दम धरत होती, म्हणजे वाडी भली होती म्हणायची.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीआधी पोटुशी होती ती धाकलूची गिरजा. पहिलटकरीण, माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. धाकलूची चार पोरं गेली होती, ही एकटी जगली. हिची सुटका नीट व्हावी आणि नातवंड मांडीवर घ्यावं, यापलीकडं त्याला काही सुचत नव्हतं. म्हैसही तेव्हाच व्यायची होती. बाळंतिणीला दूध-तुपाची ददात नाही म्हणून धाकलू खुशीत होता, आणि तीच म्हैस वाघानं मारली.

ओढ्यापलीकडं ती पडली होती. मागचा पुठ्ठा खाल्लेला, पोटातलं रेडकू अर्धं बाहेर आलेलं. धाकलू तिथंच बसून ढसाढसा रडला. वाघानं मारलेल्या गुराला हात लावायचा नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. "वाघ जेवला की कोल्हा जेवतोय," गुणाअज्जा सांगायचा, "मग गिधाडं, मग कावळं, मग किडामुंगी. उरलं-सुरलं माती खातीया, नि त्याच मातीत आपलं भात पिकतंय. पंगत मोठी हाय बाबा. कुणाचं पान कुठं मांडलंय ते आपल्याला दिसत न्हाई."

धाकलूला त्या दिवशी फक्त वाघाचं पान दिसलं. भातावरच्या किडीसाठी आणलेली औषधाची बाटली घरात होती. ती त्यानं म्हशीच्या पोटात आणि फाडलेल्या पुठ्ठ्यात रिकामी केली आणि कुणाला न सांगता परत आला. सांगितलं असतं तर गुणाअज्जानं त्याला वाडीत उभं केलं नसतं, आणि फॉरेस्टच्या गार्डनं जेलात घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर वाघ फिरकलाच नव्हता. तो शहाणा निघाला. म्हशीभोवती दोन गिधाडं पंख पसरून पडली होती, सात-आठ कावळे, आणि पाण्यात तोंड घालून मेलेला एक कोल्हा. जाळावं तर धूर दिसणार, पुरावं तर एकट्यानं एवढा खड्डा कधी खणायचा? धाकलूनं वर फांद्या टाकल्या आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत घरची वाट धरली. डुकराला मेलेलं चालतं, आणि नाकाडानं फांद्या उचकायला त्याला वेळ लागत नाही, हे तिथलं शेंबडं पोर सांगेल. धाकलूला ते आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो गिरजासाठी डिंक, आळीव नि गूळ आणायला रामनगरच्या बाजाराला गेला. परतला तेव्हा उन्हं कलली होती. अंगणातच बाळी, त्याची बायको, हसत पुढं आली.

"अवो, आज देव पावला! वासूच्या खाचरात ह्ये एवढं डुक्कर गावलं. उठायची ताकदच न्हवती त्याला, बडग्यानं मारलं."

"कुठनं आलं हुतं?"

"वड्याकडनं."

आत गिरजा जेवून बोटं चाटत होती. "बा, अज्जानं मला काळीज दिलं, वजडी बी दिली. दोन वाटं!" ती पोटावर हात ठेवून हसली. "ह्येला बी आवडलं जणू. सारखा लाथा घालतोय."

धाकलूच्या हातातली पिशवी खाली पडली. मिठाचं पाणी पाजून पोरीला ओकवता आलं असतं. शेजारच्या वासूची बैलगाडी होती, रस्त्यावर लाकडाचा ट्रक मिळाला असता, रामनगरात डॉक्टर होता. त्यासाठी एक वाक्य तोंडातून काढायला हवं होतं. धाकलूनं ते गिळलं. औषध म्हशीत घातलं होतं, डुकरात कितीसं आलं असेल? शिजवताना जळूनही गेलं असेल. बोललो तर जेल, आणि वाडी वाळीत टाकणार ते वेगळंच. असं स्वतःला समजावत तो उंबऱ्यावर बसून राहिला. बाळी आपलं ताट वाढून घ्यायला लागली तेवढं मात्र त्यानं तिच्या हातून काढून घेतलं.

"तू खाऊ नको."

"का?"

"सांगितलं तेवढं ऐक."

मला विचाराल तर गिरजा मेली ती तिथंच, बापाच्या त्या बसण्यात. पुढचं सगळं नुसतं उरकायचं राहिलं होतं.

डोंगरावर अजून ऊन होतं तोवर तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. "बा, डोळ्याम्होरं अंधार येतोय," म्हणाली. मग घाम, फेस, हातपाय ताठ. तेव्हा धाकलू उठला आणि गाडी जुंपा म्हणून ओरडत वाडीभर पळाला. हिनं काय खाल्लं, असं गुणाअज्जानं दोनदा विचारलं. धाकलू बैल जुंपत राहिला.

गाडी ओढा उतरायच्या आत ती गेली. पोट त्यानंतरही थोडा वेळ हलत होतं. बाळीनं त्यावर हात ठेवला आणि हलायचं थांबेपर्यंत काढला नाही.

बाकीच्या सहा घरांत मांस रीतीमुळं अजून कच्चंच होतं. ते सगळं खड्डा खणून पुरलं. बायका गिरजाच्या पायाला हात लावून रडल्या. "पोरीनं आमच्या वाटचं मरण घेतलं," वासूची आई म्हणाली. पाठोपाठ सगळी वाडी धाकलूसमोर हात जोडून उभी राहिली. धाकलूनं ते हात जोडणंही घेतलं.

गुणाअज्जा मात्र खांबाला टेकून बसला होता.

"काळीज मीच घातलं रं तिच्या वाट्यात," तो म्हणाला. "चांगलं म्हणून दिलं. धाकलू, ह्या हातांनी मारली व्हय रं मी तुझी लेक?"

'न्हाई' एवढंच ऐकायला म्हातारा तोंडाकडं बघत होता. सगळी वाडी बघत होती.

"व्हय अज्जा," धाकलू म्हणाला. "तुमच्याच हातांनी."

गुणाअज्जा पुढं दोन वर्षं जगला. तेवढी दोन वर्षं त्याला सून भरवायची, कारण स्वतःच्या हातानं त्यानं घास उचलला नाही.