तोमिएचा पाय ओळखणारा पट्टा

मी एक जुना पोलादी पट्टा आहे. मी झिजलो आहे हे जेव्हा लोकांना कळले, तेव्हा तोमिएला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. तिचा नवरा शिगेहारू तिची छोटी पांढरी गाडी घेऊन देवळाच्या चढाला लागला. वळणावर त्याने पाय दाबला. इंजिन ओरडले, पण गाडी पुढे सरकेना. मग ती हळूहळू मागे येऊ लागली. शिगेहारूने ब्रेक दाबला आणि तसाच बसून राहिला.

मित्रांनो, त्या दिवशी सगळ्यांनी मला नावे ठेवली. म्हणून माझी बाजू मीच सांगतो.

मी रबराचा नाही. पातळ पोलादी कड्यांवर शेकडो पोलादी तुकडे ओवून मला घडवले आणि गिअरच्या पेटीत दोन पुल्यांवर चढवले. इंजिनची ताकद चाकांपर्यंत मी पोचवत होतो. आत अंधार आणि तेल. तिथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. माणसे मी पायावरून ओळखत असे.

तोमिएचा पाय हलका होता. सफरचंदांच्या पेट्या बाजारात नेताना हलका, आणि पुढे दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाही हलकाच. वर्षे गेली, मी झिजलो, चढावर निसटू लागलो. तिला ते सर्वांच्या आधी कळले. वळणावर लाल टोपी घातलेला दगडी जिझो आहे, वाटसरूंना राखणारा देव. तिथे आली की ती पाय उचलायची आणि म्हणायची, "जिझोसान, जरा दम खाते हं." तेवढ्यात मी पुल्या पुन्हा धरायचो. मग आम्ही दोघे सावकाश वर जायचो.

बाकी कुणाला पत्ता नव्हता. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी व्हायची आणि गाडी पास व्हायची. आमच्या गावात काचेवर तो शिक्का लागला की गाडी ठणठणीत. तपासणीच्या जागी चढ नसतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

शिगेहारूचा पाय मात्र बागेतले फवारणीचे यंत्र चालवून जड झालेला. त्या पायापुढे माझे काही चालले नाही.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी तोमिएच्या अस्थी देवळामागच्या घराण्याच्या थडग्यात ठेवायच्या होत्या. तिला तिच्याच गाडीतून वर न्यायचे, असे शिगेहारूने ठरवले होते. त्याआधी काही दिवस मुलगी मिनाको शहरातून आली होती.

"बाबा, मोडीत काढा ही गाडी. आईला माझ्या गाडीतून नेऊ."

"तुझ्या गाडीत तिला मळमळतं."

"अस्थींना कसली मळमळ, बाबा?"

"तू विचारलंस का तिला?"

शिगेहारूने गाडी ओढत शाळासोबती नुमाताच्या गॅरेजात नेली. नुमाता चालवून बघायला आत शिरला आणि अडकला.

"अरे शिगे, ही सीट आहे की बाळाची खुर्ची? मागे घेतो."

"सीटला हात लावू नकोस. तोमिएने लावलेली आहे ती."

"माझे गुडघे कानाला लागतायत."

"मग कान बाजूला घे."

नुमाता तसाच दुमडून एक चक्कर मारून आला. नंतर त्याने पेटीखालचे तेल काढले. ते काळे होते आणि करपल्यासारखा वास येत होता. तळाच्या चुंबकाला पोलादाचा चुरा लोण्यासारखा चिकटला होता. त्याने बोटावर घेऊन दाखवला. "हा बघ तुझा पट्टा. थोडा इथे आहे, थोडा आत. अशा वेळी लोक अख्खी पेटी बदलतात, नाहीतर गाडीच."

"उघड तर आधी."

त्याने पेटी उघडली, मला बाहेर काढले आणि पुल्यांवर नख फिरवले. मग पुन्हा फिरवले.

"नवल आहे. इतका झिजलेला पट्टा पुल्या खरवडून ठेवतो. इथे ओरखडा नाही. तोमिएसान चढावर पाय उचलत असणार."

शिगेहारू पुल्यांवर वाकला. मग म्हणाला, "जिझोपाशी उचलायची. मी शेजारीच बसलेला असायचो. मला वाटायचं, नमस्कार करते."

"पुल्या ठेवतो. पट्टा तेवढा नवा घालू," नुमाता म्हणाला.

ऐकलेत ना, मित्रांनो? मला झिजलेला म्हणा, ते खरे आहे. हरलेला म्हणू नका. मी माझे अंग झिजवले, पण पुल्यांना ओरखडा येऊ दिला नाही. तिचा पाय आणि मी, दोघांनी मिळून ती गाडी राखली. माझी कीव करू नका. तुमची गाडी चढावर ओरडू लागली तर गाण्याचा आवाज वाढवू नका, तेल बघा. आणि कुणी मोडीत काढा म्हणाले, तर त्याला विचारा, उघडून पाहिलेस का?

नवा पट्टा आला. नुमाताने पुल्या पुसून तो बसवला, ताजे तेल भरले. मला तो भंगाराच्या डब्यात टाकत होता. शिगेहारूने मला उचलले, फडक्याने पुसले आणि समोरच्या काचेखाली ठेवले. इतकी वर्षे ज्या रस्त्यावर राबलो तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

ठरलेल्या दिवशी मिनाको मागे बसली. पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश तिच्या मांडीवर होता. नवा पट्टा दमदार, गाडी सरसर चढत होती. वळणावर लाल टोपी दिसली. तिथे दम खायची आता काही गरज नव्हती. शिगेहारूने पाय उचलला.

"काय झालं, बाबा? पुन्हा बिघडली?"

"नाही. दम खातोय."

मग तो सावकाश वर गेला. अस्थी ठेवून झाल्या. मिनाको शहरात परतली. शिगेहारू अजून गुडघे मुडपून ही गाडी चालवतो, आणि नुमाता भेटला की त्यावरून टोमणा मारतो. मी काचेखालून रोज बघतो. सीट मागे घ्यायची राहिली आहे.