टेलरताईंचे स्वतःचे पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शाळेची नव्हे, मापांची. माझ्या पानांवर छाती, कंबर, बाही, उंची असले आकडे आहेत आणि पानापानांत खडूची इतकी पूड बसली आहे, की मला कुणी झटकले तर समोरच्याला शिंका येतात. सध्या मी फळीवर आडवी पडून असते. दुपारचे ऊन सरकत सरकत माझ्या पुठ्ठ्यापर्यंत पोहोचते, मला गुंगी येते आणि सगळे आठवू लागते.

माझा जन्म एका लहानशा छापखान्यात झाला. पाठीला निळे कापड चिकटवून मला उभे केले, तेव्हा मी भलतीच ऐटीत होते. माझ्या बरोबरीच्या वह्या शाळेत गेल्या. मला मात्र टेलरताईंनी उचलले. कोपऱ्यावर त्यांचे एका खोलीचे दुकान होते. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे आरसा आणि आरशाला लागूनच राहण्याची खोली.

माझ्यात कुणाचेही खरे नाव नाही. एकाच नावाच्या चार बायका आल्या की घोटाळा होतो, म्हणून ताई खूण लिहीत. 'बेकरीवाल्या काकू', 'घाईतली नर्स', 'उंच मास्तर'. बेकरीवाल्या काकू दर वर्षी थोड्या रुंद होत. ताई पडद्यामागे टेप गुंडाळत आणि लाडिक आवाजात म्हणत, "छे हो काकू, कुठे वाढलात! आहात तश्शाच आहात." काकूंची कळी खुले. मग ताई बाहेर येत आणि गुपचूप माझ्यात खरा आकडा लिहीत.

"तोंडानं गोड बोलावं, वहीत खरं लिहावं," असे त्या धाकट्या बहिणीला सांगत. "वहीत खोटं लिहिलं ना, की कपडा अंगात शिरत नाही."

आकडा चुकला तरी त्या खोडत नसत. एक रेघ मारून शेजारी नवा लिहीत. मला त्याचा फार अभिमान वाटे. मशीन गुणगुणे, पंखा माझी पाने हळूच उलटवी, आणि मी अर्धी झोपेत, अर्धी कामात अशी वर्षे काढली. इतक्या पानांत एक पान मात्र कधीच लिहिले गेले नाही. ते ताईंचे स्वतःचे. जगाला शिवणारीच्या अंगावर नेहमी जुनाच कपडा असे.

मग ताईंना काहीतरी होऊ लागले. मला ते लवकर कळले नाही. आधी त्यांनी एक कॉलर उसवली, पुन्हा लावली, पुन्हा उसवली. कॉलर चांगली होती. नंतर त्या नुसत्या सुई हातात धरून बसू लागल्या, दोरा न ओवता. गिऱ्हाईक आले की त्या कसनुशा हसत आणि पुढची तारीख देत. शेवटी दुकानाचे दार अर्धेच उघडे राहू लागले. टेप माझ्यावर पडून होता, तो तीन आठवडे कुणी उचलला नाही. मला वाटले, माझेच काही चुकले. दुर्लक्ष झाले की वस्तूंनाही असे वाटते, मित्रांनो.

एका सकाळी धाकटी बहीण आली. ही पोस्टात काम करते, बोलायला फटकळ, मनाने लोण्यासारखी. तिने ताईंकडे पाहिले आणि हातातली पिशवी खालीच ठेवली.

"ताई, काय होतंय तुला?"

ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी नसते तर तुम्हा सगळ्यांचं बरं झालं असतं गं. रोज तेच येतं मनात."

मला वाटले, धाकटी आता ओरडणार. ती ओरडली नाही. ती ताईंना खेटून जमिनीवर बसली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "बरं झालं बोललीस." मग तिने फोन फिरवला. मनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ चार दिवसांनी, सकाळी अकराची मिळाली. फोनवरच्या बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. काय काय होते ते लिहून आणा. आणि चार दिवस त्यांना एकटे सोडू नका. फार असह्य झाले तर वेळेची वाट पाहू नका, सरळ घेऊन या.

"चार दिवस मी इथेच मुक्काम ठोकणार," धाकटी म्हणाली. "घोरते मी, आधीच सांगून ठेवते."

लिहायला कागद शोधला, तर माझ्याशिवाय कागदच नाही. माझे शेवटचे पान कोरे होते. ताईंनी सवयीने वर खूण लिहिली, 'मी'. त्याखाली झोप, भूक, काम, मनातले विचार असे रकाने आखले. मग पेन्सिल थोडी अडखळली आणि त्यांनी लिहिले: झोप, पाच तास. भूक, ठीक.

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. तीन आठवडे मी त्याच खोलीत होते. ताईंची झोप किती, हे मला ठाऊक होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात खोटे माप लिहिले गेले होते आणि मला ओरडताही येत नव्हते.

शेवटी वाचा फोडली ती टेपाने. डॉक्टरांकडे जायला बरा कपडा हवा म्हणून धाकटीने ताईंचा हिरवा कुर्ता काढला. तो ताईंच्या अंगावर खुंटीला लटकावल्यासारखा दिसला. "थांब, आत घेऊ थोडा," म्हणत धाकटीने टेप उचलला, आधी उलटा धरला, मग सुलटा. कुर्त्याची कंबर मोजली, मग ताईंची. पुन्हा मोजली.

"ताई, चार इंच कमी झालेत. आणि भूक ठीक?"

"अगं, डॉक्टरांना कशाला घाबरवायचं? बिचाऱ्या काय म्हणतील?"

"बेकरीवाल्या काकूंना तू तोंडावर काय सांगतेस आणि वहीत काय लिहितेस?"

ऊन माझ्या पानावर आले होते, त्यात खडूचे कण तरंगत होते, आणि मला वाटत होते की सगळी खोलीच श्वास रोखून उभी आहे. मग ताईंनी पेन्सिल घेतली. 'पाच'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिले, दोन. 'ठीक'वर रेघ मारली. शेवटचा रकाना रिकामाच होता. धाकटी चहा ठेवायला आत वळली, दार उघडेच ठेवून, आणि तेवढ्यात ताईंनी तिथे तीन ओळी लिहिल्या. त्या मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. मापाची वही दुसऱ्याचे माप चौकात सांगत नाही.

ठरल्या दिवशी मी पिशवीतून गेले. डॉक्टरीणबाईंची खोली शांत होती. त्यांच्या डाव्या बाहीची शिवण उसवली होती. ताईंची नजर तिकडे गेली तशी मला थोडी आशा वाटली.

"काय त्रास होतोय?" बाईंनी विचारले.

आणि ताई पडद्यामागच्या त्या लाडिक आवाजात म्हणाल्या, "काही विशेष नाही हो. जरा झोप कमी होते, इतकंच."

धाकटीने ओठ घट्ट मिटले. मी ताईंच्या मांडीवर होते. त्यांचा अंगठा माझ्या शेवटच्या पानाची कड चाचपत होता. मग त्यांनी मला उचलले, शेवटचे पान उघडले आणि टेबलावरून पुढे सरकवले.

"तोंडानं मला नीट सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "यात खरं आहे."

बाईंनी अगदी सावकाश वाचले. शेवटच्या तीन ओळी दोनदा. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत. आता हे एकटीनं उचलायचं नाही. आपण तिघी मिळून बघू." ताई तेव्हा रडल्या, हमसून हमसून. माझ्या पानावर दोन थेंब पडले. ते डाग मी अजून जपून ठेवले आहेत.

लगेच सगळे छान झाले, असे मी सांगणार नाही. गोळ्या सुरू झाल्या, भेटी सुरू झाल्या. दर आठवड्याला ताई माझ्या शेवटच्या पानावर झोपेचा आकडा लिहीत. दोन. अडीच. तीन. पुन्हा दोन. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. मग साडेतीन. मग पाच, या वेळी खरे पाच. पाचव्या भेटीला जाताना त्यांनी पिशवीत सुईदोरा टाकला आणि तिथेच बसून बाईंची बाही शिवून दिली.

आता माझी पाने भरली. माझ्या जागी नवी वही आली आहे, कोरी, करकरीत, थोडी शिष्ट. मला तिचा हेवा वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी "मी बरी आहे" म्हणाले आणि कपडा मात्र अंगावर लोंबत असेल, तर ओरडू नका. जवळ बसा, विचारा. आणि स्वतःचे माप द्यायची वेळ आली, तर लाजून कमी सांगू नका. कुणीतरी मोठे माणूस ते नीट लिहून घेईल.

काल बेकरीवाल्या काकू आल्या होत्या. पडद्यामागून आवाज आला, "छे हो, कुठे वाढलात!" मी फळीवर पडल्या पडल्या हसले. ताई बाहेर आल्या, नवी वही उघडली आणि काकूंचा आकडा दुसऱ्या पानावर लिहिला.

पहिल्या पानावर आधीच खूण होती: 'मी'.