खारट बिबड्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी, पंधरा किलो तेलाचा. माझ्या पोटावर एकेकाळी भुईमुगाच्या शेंगांचं झकास चित्र होतं, त्यातली आता अर्धी शेंग उरली आहे. माझा एक कोपरा चेपलेला आहे. त्याची गोष्ट मी सांगणार नाही, कारण तिच्यात माझी फार शोभा झाली होती.

धुळ्याहून तेल पोटात घेऊन मी भडगावला शांतीलाल शेठजींच्या किराणा दुकानात आलो. तेल संपलं आणि मी एका कोपऱ्यात जाऊन पडलो. मग एक दिवस भिकनभाऊ आले. त्यांनी मला उलटासुलटा केला, उन्हाकडे धरून कुठे भोक आहे का ते पाहिलं, बाजारातून मला झाकण आणि कडी बसवून घेतली आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलं. घरापर्यंत मी इतका वाजलो की गल्लीतली कुत्री मागे लागली. घरी आल्यावर त्यांनी मला त्यांच्या पत्नीपुढे, कुंदाबाईंपुढे ठेवलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "ले, तुना बिबडासले घर लयनू."

तुम्ही बिबडे खाल्ले असतील तर मला जास्त सांगायला नको. ज्वारी भिजवायची, दळायची, त्यात तिखट, मीठ, लसूण, तीळ घालून ती मोठ्या पातेल्यात शिजवायची, ओल्या फडक्यावर थापायची आणि चैत्राच्या उन्हात खाटेवर वाळवायची. मग वर्षभर तळून खा, भाजून खा. आमच्या गल्लीत बिबडे कुणाच्याही घरचे असोत, शिजलेलं पीठ आधी कुंदाबाईंच्या तळहातावर जायचं. त्या डोळे मिटून चाखायच्या. त्यांची मान हलली की मगच बाकीच्या बायका थापायला बसायच्या.

त्या बिबड्यांनी मी दरवर्षी गळ्यापर्यंत भरायचो. भिकनभाऊ शेतातून आले की हळूच माझं झाकण उघडायचे. मी मुद्दाम कुरकुर करायचो. आतून कुंदाबाईंचा आवाज यायचा, "तठे कोन शे?" आणि भिकनभाऊ तोंड भरलेलं असताना म्हणायचे, "मांजर." मांजरीला बिबडे आवडत नाहीत हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या काळात प्लॅस्टिकच्या रंगीत बरण्या आल्या आणि माझी माळ्यावर रवानगी झाली. पण एका पावसाळ्यात त्या बरण्यांतले बिबडे सादळले आणि मला मानाने खाली आणलं गेलं. मी बरण्यांना काही बोललो नाही. नुसता त्यांच्या शेजारी ऐटीत उभा राहिलो.

यंदा पौषात भिकनभाऊ गेले. झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मुलगी सारिका महिनाभर राहून दीपनगरला सासरी परतली आणि घरात कुंदाबाई एकट्या उरल्या. त्या अर्धी भाकरी थापायच्या आणि त्यातलीही अर्धी गाईला घालायच्या. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांची चोळी खांद्यावर सैल पडू लागली होती. मी मांडणीवरून सगळं पाहत होतो आणि माझं पोट तर केव्हाच रिकामं झालं होतं.

मित्रांनो, आमच्याकडे एक रीत आहे. ज्या घरात दुःख झालं, त्या घरात वर्षभर पापड, कुरडया, बिबडे करत नाहीत. नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी ते आणून द्यायचे. म्हणून चैत्रात शेजारची रत्ना आली आणि "अक्का, गहू ठेवाले डबा दे वं" असं खोटंच सांगून मला घेऊन गेली. बेबाबाईंच्या ओट्यावर माझी भरती सुरू झाली. बेबाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या आणि रीतिभातींच्या बाबतीत फार कडक. त्यांनी कुरडया दिल्या. शेठजींच्या पत्नी प्रेमकुंवरबाईंनी मुगाचे पापड दिले, तेही मोजून नव्हे तर हाताला येतील तेवढे. रत्नाने शेवया आणल्या. आणि तिघींनी मिळून कुंदाबाईंसाठी खास बिबडे केले. पातळ, गोल, एकाही कडेला चीर नाही. मी मनातून खूश होतो. असा सुबक माल माझ्या पोटात कधी पडला नव्हता.

बिबडे वाळल्यावर एका संध्याकाळी तिघी मला घेऊन कुंदाबाईंकडे गेल्या. कुंदाबाईंनी झाकण उघडलं आणि पदर डोळ्यांना लावला. "कितलं करं माय तुम्ही," त्या म्हणाल्या. रत्ना चुलीपाशी गेली, निखाऱ्यावर एक बिबडा भाजून आणला. कुंदाबाईंनी नको नको म्हणत एक तुकडा तोंडात घातला.

त्यांचा चेहरा बदलला. त्या तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि त्यांनी विचारलं, "मीठ कोनी टाकं?"

"मी टाकं," रत्ना म्हणाली.

"मी बी टाकं," बेबाबाई हळूच म्हणाल्या.

प्रेमकुंवरबाईंनी मान खाली घातली. "मला वाटलं राहून गेलंय. मी पण टाकलं."

"तिन्ही जनीसनी टाकं," कुंदाबाई म्हणाल्या. "आनि चाखं कोनी?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. मग रत्ना रडवेली होऊन म्हणाली, "दरसाल तर तूच चाखस ना, अक्का."

आणि मग, मित्रांनो, कुंदाबाई हसल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्या हसतायत की रडतायत हे त्यांनाही कळत नसावं. तिघीही हसू लागल्या आणि मी कडीसकट खडखडलो.

हसू ओसरल्यावर त्यांनी आणखी ज्वारीचं विचारलं, "आखो ज्वारी भिजेल शे का?"

"मनाकडे शे. परवा करानं शे," बेबाबाई म्हणाल्या.

"मी येस चाखाले," कुंदाबाई म्हणाल्या, आणि लगेच ओठ दाबले. दुखवट्यातल्या बाईने वाळवणाला हात लावायचा की नाही, हा प्रश्न होता. सगळ्यांनी बेबाबाईंकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. त्या माउलीने नको म्हटलं असतं तर कुंदाबाईंचं पाऊल पुन्हा आत गेलं असतं आणि मग ते बाहेर यायला किती दिवस लागले असते कोण जाणे.

बेबाबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "तुना घर करानं नही, हाई खरं शे. पन मना ओट्टावर चाखानं नही, अशे कोनी सांगेल नही."

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाई उंबरठा ओलांडून बाहेर आल्या. काखेत मी होतो. ओट्यावर पोचताच त्यांनी माझ्यातले खारट बिबडे काढून तिघींच्या पदरात दहा-दहा टाकले. "टाकनारीसनी खावानं," त्या म्हणाल्या. उरलेले त्यांनी स्वतःसाठी ठेवले. पुढे त्या अळणी खिचडी करून तिच्याशी ते खायच्या, पण टाकून मात्र एकही दिला नाही.

पातेल्यात पीठ रटरटत होतं. रत्नाने वाफाळतं पीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं, वर शेंगदाण्याचं तेल सोडलं. कुंदाबाईंनी डोळे मिटले. सगळ्याजणी थांबल्या होत्या. या वेळी भीतीपोटी कुणीच मीठ टाकलं नव्हतं, एक कणसुद्धा नाही. कुंदाबाईंनी मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली, पातेल्यात सोडली आणि ढवळलं. पुन्हा चाखलं. मान हलली. मग त्यांनी तळहात चाटूनपुसून स्वच्छ केला आणि रत्नापुढे धरला.

"आखो दे," त्या म्हणाल्या. "भूक लागनी."

मित्रांनो, दुःखातल्या माणसाच्या घरी जाताना हात रिकामे नेऊ नका. नेलेलं थोडं बिघडलेलं असलं तरी चालेल. पण तेवढ्यावर थांबू नका. ते माणूस तुमच्यात येत नसल्यामुळे तुमचं काय अडलंय, तेही त्याला जाऊन सांगा.