नफिया मावशीच्या भिंतीची भोकं

युद्धाच्या खुणा जपणं हे सुसंस्कृत समाजाचं पवित्र कर्तव्य आहे. फक्त त्या खुणा दुसऱ्याच्या घराला असाव्यात. बोस्नियातल्या मोस्तारमध्ये नफिया मावशीच्या भिंतीला गोळ्यांची अशी एकोणचाळीस भोकं आहेत. दर हिवाळ्यात त्यांतून पाणी झिरपतं आणि तिचा पलंग ओला होतो.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी सारायेव्होहून सिमेंटची गोणी घेऊन गिलावा करायला गेलो. माल कालवून झाला, तेवढ्यात गावातल्या प्रसिद्ध जुन्या पुलाकडून बारा पर्यटक घेऊन गाइड नेर्मिन आला. युद्ध सुरू झालं तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि पुढे स्वीडनमध्येच वाढला. त्यामुळे युद्धाची त्याला खडान्‌खडा माहिती आहे.

"मावशी, इतिहास लिंपून टाकताय?"

"इतिहास कसला, भोकं आहेत ती. गुडघे धरलेत माझे."

"पण लोक हीच भिंत बघायला येतात हो."

"मग एकेकाने रात्रभर झोपून बघावी. या, पलंग दाखवते."

बाराही जण आत आले आणि त्यांनी पलंगाचे फोटो काढले.

घरात आलेल्याला कॉफी न देता हाकलणं आमच्यात बसत नाही. हाकलायचं तेही कॉफी देऊनच. पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी, पातळ, 'आता उठा' सांगणारी. ती समोर आली की बोस्नियातलं शेंबडं पोरही बूट शोधायला लागतं.

मावशीने तिसरी आणली. मुद्दाम कपडे धुतल्याच्या पाण्याइतकी पातळ.

कोणी हललं नाही. एका बाईंनी डोळे मिटून घोट घेतला. नेर्मिन म्हणाला, "मावशी, ही तर सगळ्यांत छान. अगदी हलकी."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "याच्या आईने याला काहीच शिकवलं नाही का रे?"

"स्वीडनमध्ये वाढलाय, मावशी."

"मग चौथी काय देऊ? विष?"

तिने पुन्हा तिसरीच दिली. तीही त्यांनी वाखाणली.

ते उठले तेव्हा पाच वाजले होते. घमेल्यातला माल दगड झाला होता, त्यात फावडं उभं. गोणी मी एकच आणली होती.

वसंतात नेर्मिनच्या माहितीपत्रकात नवी ओळ आली: 'शेवटी नफिया मावशींच्या हातची पारंपरिक तिसरी कॉफी.'

मावशीने पलंग समोरच्या भिंतीला लावला आहे. तिकडे भोकं बावीसच आहेत.