दोन गडी कमी

वर्ना केसलरच्या स्वयंपाकघरात नॉर्ब हॉफमायर सकाळी अकरालाच येऊन बसला, तेव्हाच ती मनात म्हणाली की आज हा माणूस सुखाने घास गिळू देणार नाही. येताना त्याने डोनटचा खोका आणला होता. नॉर्बने सव्वीस वर्षांत कुणासाठी काही आणल्याचं फिंडले गावात कुणाला आठवत नव्हतं. तो एका हाताने काही देऊ लागला की दुसऱ्या हाताने काय उचलतोय ते बघावं, असं वर्नाचा नवरा क्लीटस म्हणायचा.

"शेवटचा रविवार आहे," नॉर्ब खुर्ची ओढत म्हणाला. "शेवटच्या दिवशी कुणीही वहीपाशी बसावं, असा नियमच आहे. क्लीटसनेच केलेला."

"नियम मला सांगू नकोस. बस. पण खाताना वहीवर साखर सांडू नकोस."

वही म्हणजे ब्लँचर्ड लीगची वही. दर वसंतात गावातली दहा माणसं ह्याच टेबलाभोवती बसून देशभरातल्या खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून पाळीपाळीने आपापला कागदावरचा संघ निवडत. मग सहा महिने त्या खेळाडूंनी मैदानात जे केलं असेल ते पेपरातून उतरवून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचं. रोज दुपारी बाराच्या आत प्रत्येकाने वर्नाला फोन करून आज कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार ते सांगायचं. बारानंतर देव आला तरी बदल नाही. आणि हंगामाच्या शेवटी जो तळाला राहील त्याची खुर्ची गेली. बाहेर सात जण रांगेत उभे होते, त्यामुळे एकदा गेलेला माणूस पुन्हा आत यायचा तर सात हंगाम थांबायला हवं. एल्डन प्रूट एकाहत्तरचा होता.

तळाला यंदा दोघंच झुंजत होते, एल्डन आणि नॉर्ब. आणि शनिवारी वहीची बेरीज केली तेव्हा वर्नाला एक घोळ दिसला होता.

लीगचा एक नियम असा की तुमच्या पिचरांनी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांनी, हंगामात मिळून निदान हजार डाव टाकलेले हवेत. तीन गडी बाद केले की एक डाव. हजार भरले नाहीत तर पिचरांनी दिलेल्या धावांच्या सरासरीचा, जितकी कमी तितकी चांगली, तुमचा सगळा रकाना शून्य. ह्याचं कारण सरळ होतं, नाहीतर लोक चार डाव टाकून पिचर बाकावर बसवतील आणि सुंदर सरासरी मिरवत फिरतील. एल्डनचे वहीत भरले होते नऊशे नव्याण्णव आणि वर एक गडी. हजाराला दोन गडी कमी.

आणि एल्डनला वाटत होतं की हजार भरले.

"गुरुवारी न्हाव्याकडे सांगत होता," नॉर्बने खिशातून पेपरच्या कात्रणांचं बंडल काढलं. "म्हणे, हजार बरोबर झाले, आता रविवारपर्यंत सगळे पिचर बाकावर, सरासरी डब्यात बंद. माझ्यापेक्षा केसभर पुढे आहे ना तो. मी म्हटलं, वा एल्डन, तुझं डोकं म्हणजे डोकं." त्याने बोट चाटलं. "मी मोजलंय, वर्ना. तूही मोजलंयस. तुझा चेहराच सांगतोय."

"माझा चेहरा सव्वीस वर्षं असाच आहे."

"मग तो तसाच ठेव."

म्हणजे त्यासाठी आला होता. पहारा द्यायला. वर्नाला इतका संताप आला की तिने कॉफीचं भांडं आदळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. काढता येत नव्हता. वही ठेवणाऱ्याने मूग गिळून बसायचं, हीच तर लीगची पहिली अट. लीगच्या चौथ्या वर्षी क्लीटस एका चुलतभावाची नावं परत वाचून दाखवताना मध्येच खोकला. चुलतभावाने तो इशारा समजून खेळाडू बदलला, आणि पुढची दोन वर्षं त्या घराण्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन घरांत दोन वेगवेगळ्या टर्की भाजल्या गेल्या. तेव्हापासून ठरलं की नावं एका सुरात वाचायची, एकदाच वाचायची आणि एकदाच विचारायचं, "पक्कं?" क्लीटस गेला, अकरा वर्षं झाली, वही वर्नाकडे आली. अकरा वर्षांत तिने हजारो वेळा "पक्कं?" विचारलं असेल, प्रत्येक वेळी एकदाच.

चूक कुठे झाली तेही तिला ठाऊक होतं. मे महिन्यात डेट्रॉइटला एल्डनच्या पिचरने, त्या पोरगेल्या रँकिनने, पहिल्या डावात दोन गडी बाद केले आणि आभाळ फाटलं. सामना धुऊन गेला, पुसला गेला, नोंदीतच नाही. पेपरात काही आलं नाही, म्हणून वहीतही नाही. पण एल्डन सामने रेडिओवर ऐकतो. ऐकलं तसं त्याने आपल्या डायरीत दोन गडी लिहून टाकले असणार. तीस वर्षं लोकांच्या घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केलेला माणूस, कानाने ऐकून बिघाड सांगणारा. त्या कानानेच घात केला.

तोच रँकिन आज दुपारी एकला क्लीव्हलंडमध्ये खेळणार होता. दोन गडी तर कुणीही बाद करतो. नुसतं "रँकिन खेळेल" एवढं म्हटलं की एल्डन वाचला.

घड्याळात साडेअकरा झाले. बाकी आठ जणांचे निरोप फोनला जोडलेल्या टेपच्या यंत्रावर येऊन पडले होते. हल्ली सगळे यंत्रावरच बोलत, अर्ध्या मिनिटात उरकत. फक्त एल्डन अकरा चाळीसला फोन करायचा आणि वर्नाने स्वतः उचलायची वाट बघायचा. नावं झाली की दोन मिनिटं इकडचं तिकडचं. त्याचा गुडघा, तिचे टोमॅटो, पेपरात आज कोण गेल्याची बातमी आहे. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत रोज. हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात फोन करायला कारण नसे, आणि एल्डन कारणाशिवाय कुणाचं दार वाजवणाऱ्यातला नव्हता. वर्ना तर फोन करूच शकत नव्हती, वही ठेवणाऱ्याने आपणहून लीगमधल्या कुणाला फोन करायचा नाही, हाही क्लीटसचाच नियम. मेल्याने नियम करताना पुढे कुणाला एकटं राहावं लागेल ह्याचा विचार केला नव्हता.

तिच्या दिवसात तो एकच फोन होता. तो गेला की काय उरतं, हे तिने शनिवारपासून शंभरदा मोजून पाहिलं होतं.

फोन वाजला. नॉर्बने खुर्ची भिंतीजवळ सरकवली, इतकी की त्याच्या दाढीच्या साबणाचा वास तिला आला.

"वर्ना, घे लिहून," एल्डनचा आवाज खुशीत होता. त्याने एकेक फलंदाज सांगितला. ती पेन्सिलीने लिहीत गेली. नववं नाव झालं. तिने पेन्सिल पिचरच्या रकान्यावर नेली.

"आणि पिचर सगळे बाकावर. पोरांना विश्रांती."

नॉर्ब हसला नाही. फक्त डोनट खाली ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

वर्नाने परत वाचायला सुरुवात केली. एका सुरात. तिला वाटत होतं आपला आवाज कुठेतरी फाटेल, फाटला तर बरंच, पण सवय मोठी हट्टी असते, आवाज सरळच चालला. "पिचर, सगळे बाकावर. पक्कं?"

"पक्कं."

झालं. आता पेन्सिलीने खूण करायची. पेन्सिल कागदावर टेकली होती. क्लीटसचं अक्षर वहीच्या पहिल्या पानावर होतं, भिंतीवर फोनची पिळाची दोरी हलत होती, आणि नॉर्बच्या मिशीला साखर लागली होती. ती साखर बघून तिचं डोकंच फिरलं.

"पक्कं?" तिने पुन्हा विचारलं.

नॉर्ब अर्धवट उठला.

"तू दोनदा विचारलंस!"

तिकडून एल्डन हळूच म्हणाला, "नॉर्ब आहे का तिथे?"

"आहे."

"हं." पानं उलटल्याचा आवाज आला. एक, दोन, पुष्कळ पानं. तो एप्रिलपासून उलटत असणार. घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते. अजून पंधरा मिनिटं सगळं त्याच्या हातात होतं. वर्नाने डोळे मिटून घेतले. बघ, मे महिना बघ, गाढवा.

पानं थांबली.

"डेट्रॉइट," एल्डन म्हणाला. "त्या दिवशी पाऊस होता, नाही?"

नॉर्ब आता फोनच्या तोंडाजवळ येऊन ओरडला, "एल्डन, तू एक जरी नाव बदललंस ना, तर मी आत्ता गाडी काढतो आणि सगळ्यांच्या घरी जाऊन सांगतो की वर्नाने तुला इशारा दिला! मग बघू वही कुणाकडे राहते ती!"

"ऐकू येतंय मला, नॉर्ब. बहिरा झालो नाहीये अजून."

"एल्डन," वर्ना म्हणाली. "बारा वाजायला वेळ आहे. तुझा संघ, तुझी मर्जी."

ह्याहून स्पष्ट तिला बोलता येत नव्हतं. आता सांग. नियम गेला खड्ड्यात, वही गेली खड्ड्यात, सांग रँकिनचं नाव.

"मी पहिल्या वेळीच पक्कं म्हटलं होतं, वर्ना," एल्डन म्हणाला. "तेच लिही."

"एल्डन..."

"अकरा वर्षांत तुझ्या वहीकडे कुणी बोट दाखवलं नाही. माझ्यामुळे नको दाखवायला. पक्कं."

आणि त्याने फोन ठेवला. गुडघा नाही, टोमॅटो नाही, काही नाही.

वर्नाने खूण केली. मग ड्रॉवरमधून शाईचं पेन काढलं आणि समासात लिहिलं, "दोनदा विचारलं. व. के."

"ते कशाला?" नॉर्ब म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "त्याने बदललं नाही ना काही? मग राहू दे की. मी कुणाला सांगत नाही."

"तू सांगू नकोस. मी सांगणार आहे. आता ऊठ, आणि तुझे डोनट घेऊन जा."

तो उठला. खोका मात्र टेबलावरच राहिला. वर्नाने तो कचऱ्यात टाकला आणि सिंकपाशी उभी राहून रडली, आधी रागाने आणि मग नुसतीच. एल्डनवर तिचा सगळ्यात जास्त राग होता. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर माझ्या अब्रूची काळजी करायची! कुणी सांगितली होती?

दुपारी तिने रेडिओ लावला. रँकिनने क्लीव्हलंडमध्ये आठ डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. तिने सामना संपायच्या आत रेडिओ बंद केला.

ऑक्टोबरच्या जेवणात तिने समासातली ओळ सगळ्यांना वाचून दाखवली आणि वही टेबलावर ठेवून दिली. लोकांनी थोडी कुजबुज केली, मग हात वर करून ठरवलं की वही वर्नाकडेच राहावी, कारण इशाऱ्याने कुणाचा फायदा झाला नव्हता. हात वर करणाऱ्यात नॉर्बही होता. एल्डन जेवणाला आला नाही, तळाला राहिलेल्याने यायचं नसतं. त्याच्या खुर्चीवर टायरच्या दुकानातला एक उत्साही माणूस आला.

हिवाळा गेला. वर्नाला एल्डन दोनदा दिसला, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर आणि एकदा किराणा दुकानात. दोन्ही वेळा त्याने टोपी काढली आणि हवामान फार वाईट आहे असं सांगितलं.

एप्रिलचा पहिला सोमवार आला. सकाळपासून यंत्रावर निरोप पडत होते, टायरवाल्याने तर नऊच्या आधीच नावं कळवली. साडेअकराला दहाही पूर्ण झाले. वर्ना फोनसमोर बसून राहिली. अकरा चाळीस. अकरा त्रेचाळीस. फोन भिंतीवर नुसता लटकत होता.

मग तिने वहीचं शेवटचं पान काढलं. नंबर तिला पाठ नव्हता, तो लावायची कधी वेळच आली नव्हती. एल्डनचं नाव आता खोडलेलं होतं, पण आकडे वाचता येत होते. बोट दोनदा चुकलं.

"हॅलो?"

"वर्ना बोलतेय."

"वर्ना, माझा संघ नाहीये यंदा. चुकून लागला का?"

"मला ठाऊक आहे तुझा संघ नाही. म्हणूनच करता आला. एकला रेडिओवर सामना आहे आणि मी खिम्याचा मीटलोफ केलाय दोन माणसांचा. जेवायला ये. पक्कं?"

कुठेतरी त्याच्या घरातली खुर्ची करकरली. अकरा वर्षं तिने ह्या जागी उत्तराची वाट बघितली होती आणि मिळेल ते लिहून घेतलं होतं.

"पक्कं?" तिने पुन्हा विचारलं.

"दोनदा विचारू नये, वर्ना."

"ह्या वेळी विचारणार. हो म्हणेपर्यंत विचारणार."

तिकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग एल्डन म्हणाला, "मीटलोफमध्ये कांदा असतो का तुझ्या?"

"असतो."

"मग थांब, बूट घालतो," तो म्हणाला.