सगळ्या मुलखांचे गाठोडे जिथे उघडले

मित्रांनो, मी एक जुना मातीचा शिक्का आहे. अंगठ्याएवढा, एका बाजूने फुटलेला. सरहद्दीवरच्या एका अधिकाऱ्याने लोकरीचे गाठोडे बांधले, गाठीवर ओली माती थापली आणि तिच्यावर आपली मुद्रा दाबली. तोच माझा जन्म. वाटेत गाठोडे कोणी उघडू नये, एवढेच माझे काम.

लांबचा प्रवास करून मी राजाच्या कोठारात पोचलो. कोठीवाल्याने मला फोडले आणि कोपऱ्यात भिरकावले. तिथे दर मुलखातून आलेल्या माझ्या भावंडांचा ढीग होता. पुढे शहर पेटले. पळालेली माणसे परतली नाहीत. आम्ही मात्र त्या आगीत विटेसारखे पक्के भाजून निघालो. मग वर मातीचे टेकाड साचले आणि सगळे आम्हाला विसरले.

त्या टेकाडावरून नवा रस्ता आखला गेला, तेव्हा उत्खनन करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या सरांनी त्या जुन्या राज्याची राजधानी नदीपलीकडे असल्याचे पुस्तकात लिहिले होते, कारण तिथला तट जाडजूड होता. तट कोणीही सरदार बांधू शकतो, असे बाईंचे म्हणणे. त्यांनी आमची माती तपासून घेतली. प्रत्येकाची माती निराळ्या मुलखातली निघाली. शिक्का फुटतो तो माल पोचतो त्या जागी. साऱ्या राज्याचा माल जिथे उघडला जाई, तीच राजधानी.

सरांनी मला भिंगाखाली धरून पाहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं. पण तू राजधानी म्हणालीस की लोक सोन्यासाठी कुदळी घेऊन येतील."

"आणि गप्प बसले तर रस्ता येईल, सर. मी पहारा मागितलाय."

बाईंनी जाहीर केले. रस्ता वळला, माझा फोटो छापून आला. पहारा मात्र आला नाही. आठवडाभरातच एका सकाळी कोठारभर खड्डे दिसले. सोने शोधणाऱ्यांनी तिथे उरलेली माझी भावंडे पायदळी तुडवली होती; मी बाईंच्या टेबलावर होतो म्हणून वाचलो. बाईंनी चुरा हातांनी गोळा केला, पण कोण कुठे पडले होते, ते आता कोणालाच सांगता येत नाही. त्यांची साक्ष कायमची गेली.

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर उचलू नका. ती कुठे होती, कोणाशेजारी होती, हेच तिचे बोलणे असते. शेजारची खोली अजून उकरायची राहिली आहे. पहाऱ्याचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. टेकाडाच्या पायथ्याशी काल रात्री पुन्हा एक अनोळखी गाडी थांबून गेली, असे बाई फोनवर सांगत होत्या.