विटेसारखा पाव

धाकटी मुलगी लग्न करून परदेशी गेली, त्याच वर्षी मधुमेह निघाला म्हणून डॉक्टरांनी बेकरच्या बायकोचा पाव बंद केला. पाव, भात, बटाटा, साखर, सगळंच. कीटो आहार म्हणे. उभा जन्म भट्टीपुढे घालवलेल्या माणसाच्या घरात पावाला बंदी आली.

तोवर दोघांची न्याहारी एकत्र व्हायची. आता ती अंडी घेऊन खिडकीशी बसे, आणि हा ओट्यापाशी उभ्याउभ्याच आपला पाव चहात बुडवून चोरासारखा गिळी. मुलगी गेल्यापासून घर आधीच खायला उठत होतं. आता ताटंही वेगळी झाली. मग त्याने मनावर घेतलं. दोघांना समोरासमोर बसून खाता येईल असा पाव करायचाच.

बदामाचं पीठ, इसबगोल, अंडी. पहिला पाव विटेसारखा झाला. दाराला टेकण लावायला बरा आहे, बायको म्हणाली. दुसरा मधून कच्चा राहिला. गोळा हाताला चिकटे, ओट्याला चिकटे, वळता वळेना. पण हात मुरलेला होता. हळूहळू पाव जमला. फुगला, वरून खरपूस झाला, कापल्यावर छान जाळी दिसली. दोघं पुन्हा खिडकीशी बसली. तिने मागून दुसरा तुकडा घेतला.

पुढच्या तपासणीत रक्तातली साखर चढलेली निघाली. चोरून काही खाता का, म्हणून डॉक्टरांनी तिलाच धारेवर धरलं. ती नाही म्हणाली. घरी आल्यावर ती अंघोळीला गेली, तशी बेकरने तिचं कपाट उघडलं, साड्यांखाली चाचपलं, उशी उचलून पाहिली. मागे वळला तर ती दारात उभी, केस ओले.

त्यानंतर घरात हूं की चूं नाही. तो पाव कापून तिच्या ताटलीत ठेवी, ती मुकाट्याने खाई आणि हा ओट्यापाशी परत.

एका सकाळी ती पाणी घ्यायला आली, तेव्हा तो गोळा वळत होता. ती बघत राहिली. गोळा चिकटला की त्याचा डावा हात फळीवरच्या डब्यात जाई, मूठभर काढून ओट्यावर भुरभुरवी, की पुन्हा मळणं सुरू.

"अहो, त्या डब्यात काय आहे?"

"कुठल्या डब्यात?"

"तुमचा हात आहे त्या."

त्याने पाहिलं. हात मनगटापर्यंत मैद्याने पांढरा होता. चिकटलं की मैदा टाकायचा, हे हाताला कुणी सांगावं लागत नव्हतं. पाव कशाने जमला होता ते त्याला कळलं, आणि साखर कशाने चढली तेही. तो स्टुलावर बसला.

"मी तुझी उशी उचलून पाहिली गं."

"पाहिलीत खरी," ती म्हणाली. "आता तो डबा माळ्यावर टाका."

मैद्याशिवाय पाव पुन्हा विटेसारखा झाला. तिने त्याच्या पातळ चकत्या केल्या, तव्यावर भाजल्या आणि खाल्ल्या. त्यानेही स्वतःचा पाव सोडला आणि समोर बसून तीच वीट चावू लागला. साखर उतरली. ती पुन्हा बोलू लागली, थट्टाही करू लागली. फक्त तिच्या कपाटाचं दार त्या झडतीपासून उघडं असे. तो येताजाता लावून घेई. ती पुन्हा उघडून ठेवी.

धाकटीचा मुलगा चालायला लागला त्या वर्षी, हिवाळा संपता संपता, बेकरची बायको झोपेत वारली. तेव्हापासून तिच्या कपाटाचं दार त्याने उघडंच राहू दिलं.